निबंध क्रमांक सात

परीक्षक बाईंचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. पहिल्या वाक्यात त्यांनी ओळख दिली: निवृत्त मुख्याध्यापिका, आपल्या भागातल्या वाचनालयाच्या लेखनस्पर्धेची परीक्षक. दुसऱ्या वाक्यात विचारलं, "आपण उद्या चारला माझ्या घरी येऊ शकाल का? फोनवर बोलण्यासारखं नाही."

मला वाटलं, बक्षीस लागलं. फोन ठेवल्यावर उरलेले मटार मी सालांच्या कागदावर टाकले आणि सालं डब्यात. चोपन्नाव्या वर्षी बाईने एवढं हुरळून जाऊ नये, पण गेले.

स्पर्धा पन्नाशीपुढच्यांसाठी होती. विषय होता 'मनात राहिलेला माणूस'. मी तीस वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. नटबोल्टपासून ग्रीसच्या डब्यापर्यंत काय आलं, काय गेलं, काय शिल्लक, हे लिहिणं माझं काम. गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पहिल्या दोन महिन्यांत घरातली सगळी कपाटं लावून झाली. तिसऱ्या महिन्यात पुस्तक बदलायला गेले तर वाचनालयाच्या फळ्यावर स्पर्धेची सूचना दिसली.

माझ्याकडे एक वही होती. शंभर पानी. सोळा वर्षांपूर्वी वडील गेले, त्यानंतरच्या महिन्यात मी तिच्यात अकरा पानं लिहिली होती. त्याआधी मी ऑफिसच्या नोंदींपलीकडे काही लिहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. वही साड्यांच्या कपाटात सगळ्यात खाली होती. ती काढली, वाचली आणि कोऱ्या कागदांवर उतरवून काढायला बसले. एक शब्द इकडे, एक तिकडे, एवढाच बदल. पण हात चालायला लागला आणि मला आठवलं की हे करताना किती बरं वाटलं होतं. भाजी लागली, तरी उठले नाही. असं माझ्याकडून होत नाही.

आमचे वडील खडकवासला धरणावर पाणी मोजायचे. भिंतीवर फुटांच्या खुणा रंगवलेल्या होत्या. रोज सकाळी सहाला जाऊन पाणी कुठवर आहे ते बघायचं, वहीत लिहायचं, ऑफिसला फोनवर कळवायचं. बाकीही कामं होती, पण आम्हाला हे एवढंच ठाऊक. माझ्या लेखाचं पहिलं वाक्य होतं, 'माझ्या वडिलांच्या हातांना ओल्या दगडाचा वास यायचा.' त्यापुढे, 'आमच्या घरात देवाच्या आधी पाण्याची पातळी सांगितली जायची.'

दुसऱ्या दिवशी मी चारला पाच कमी असताना बाईंच्या दारात होते. इस्त्रीची साडी नेसून.

बाई साठीपुढच्या, ताठ. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि माझे कागद टीपॉयवर ठेवले.

"अक्षर छान आहे आपलं," त्या म्हणाल्या.

"थँक यू."

"कौतुक तेवढंच आहे. हे आपण कुठून घेतलंत?"

मला प्रश्न कळला नाही. तसं सांगितलं.

"हे बघा, मी शाळेत अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं. शेवटची आठ-दहा वर्षं हा निबंध मी दरवर्षी तपासला आहे. दर तुकडीत चार-पाच मुलांचे वडील धरणावर पाणी मोजायचे. मला वाटायचं, एवढी माणसं मोजायला नेमली आहेत, तरी आमच्याकडे नळाला पाणी एकवेळच कसं येतं?"

"हे माझ्या वडिलांवर आहे," मी म्हणाले.

"त्या मुलांचंही हेच म्हणणं असायचं." त्या शांतपणे म्हणाल्या. "चूक होते माणसाची. वाचलेलं डोक्यात राहतं, आपलंच वाटायला लागतं. समितीपुढे नेलं तर उगाच शोभा होईल, म्हणून आधी बोलावलं. आपण लेख मागे घ्या. मी कुणाला काही बोलणार नाही."

तीस वर्षांत माझ्या स्टोअरमध्ये एक वॉशर कमी भरला नाही. आणि ही बाई मला सभ्यपणे चोर म्हणत होती. वर उपकारही करत होती.

"दाखवा," मी म्हणाले. "त्या निबंधाचा एक तरी कागद दाखवा."

बाईंनी उठून जिन्यात हाक मारली. वरच्या मजल्यावरची दहावीतली मुलगी क्लासची फाइल घेऊन खाली आली. झेरॉक्सचे कागद, वर छिद्रं पाडून दोऱ्याने ओवलेले. तिने बरोबर पान काढलं. ठळक अक्षरात शीर्षक होतं: 'निबंध क्र. ७. माझे वडील.' खाली, 'माझ्या वडिलांच्या हातांना ओल्या दगडाचा वास येतो.'

येतो. सगळा निबंध वर्तमानकाळात आणला होता, कारण दहावीतल्या मुलांचे वडील जिवंत असतात. माझ्या अकरा पानांची दीड पानं केली होती. शेवटी एक परिच्छेद कष्टाच्या महत्त्वावर जोडला होता, तो तेवढा माझा नव्हता. पण हे सगळं मी नंतर वाचलं. आधी दिसलं ते अक्षर. गोल, डावीकडे किंचित कललेलं, प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला छोटी चांदणी. क्लासच्या नोट्स माझ्या खालच्या मजल्यावरची शेजारीण हातानेच लिहिते आणि झेरॉक्स काढते. म्हणते, छापील कागद मुलं वाचत नाहीत, हाताने लिहिलेला पाठ होतो. बावीस वर्षं त्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या माझ्या दाराला लावलेल्या असत. 'दूध घेतलंय.' 'किल्ली माझ्याकडे.' 'भरली वांगी केलीत, येऊन घेऊन जा.'

"काकू," मुलगी म्हणाली, "हा इम्पॉर्टन्ट आहे. मॅमनी स्टार दिलाय. कुठलीही व्यक्ती आली तरी हाच ट्विस्ट करून लिहायचा."

"तुझे वडील काय करतात?"

"आयटीत आहेत. वर्क फ्रॉम होम."

"त्यांच्या हातांना कसला वास येतो?"

ती विचारात पडली. "सॅनिटायझरचा. आणि चिवड्याचा, थोडासा."

"मग ते लिही की."

"त्याला मार्क नाही मिळणार, काकू," ती म्हणाली, जणू मी तिच्यापेक्षा लहान होते.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी लेख मागे घेतला नाही, एवढंच सांगितलं की शुक्रवारच्या आत पुरावा आणून देते. त्या दिवशी सोमवार होता आणि स्पर्धेची पेटी शुक्रवारी बंद होणार होती.

ती माझी मैत्रीण आहे, असं मी बावीस वर्षं सांगत आले. कोथरूडच्या आमच्या इमारतीत आम्ही एकाच महिन्यात राहायला आलो. ती पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. दोघींच्या घरी लहान मुलं, दोघींचे नवरे फिरतीवर. तिने मराठीच्या शिकवण्या सुरू केल्या, आधी हॉलमध्ये सतरंजी टाकून, पुढे समोरच्या गल्लीत गाळा घेऊन. माझ्या सासूबाई पडल्या तेव्हा रिक्षा तिने आणली होती. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस डबा माझ्याकडून गेला. आमच्यात वाटीचा हिशेब कधी नव्हता, म्हणजे वाटी सारखी जिन्यात फिरत असे. रिकामी वाटी परत द्यायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, हे तिच्या आईनेही शिकवलेलं आणि माझ्याही.

वडील गेल्यावर लिहिलेली वही मी जगात एकाच माणसाला दाखवली. तिला. नवऱ्यालासुद्धा नाही. ती मराठीची, तिला कळेल, असं मला वाटलं. तिने चार दिवस वही ठेवून घेतली. परत दिली तेव्हा आम्ही जिन्यात उभ्या होतो, माझ्या हातात भाजीची पिशवी होती. ती म्हणाली, "मनापासून लिहिलंयस गं. पण फार घरगुती आहे. कुठे पाठवू बिठवू नकोस हं, लोक हसतात."

मी म्हणाले, "छे, पाठवते कसली." वर गेले, भाजी निवडली, वही साड्यांखाली ठेवली. मला वाईट वाटल्याचंही आठवत नाही. डॉक्टरने सांगितलं की मीठ कमी खा, तर आपण खातो कमी. ती त्या विषयातली जाणकार होती. मी एका कारखान्यात नटबोल्ट मोजत होते. त्यानंतर कधी काही लिहावंसं वाटलं, वाटलं नाही असं नाही, तर 'घरगुती' हा शब्द आधी यायचा आणि मी दुसऱ्या कामाला लागायची.

आणि ती वही वाचून, मला लोक हसतील असं सांगून, तिने घरी बसून त्याच वहीतला निबंध गोल अक्षरात उतरवला होता. कुणीही हसलं नव्हतं. मुलांना पैकीच्या पैकी मार्क पडत होते.

बाईंच्या घरून मी तडक तिच्याकडे गेले नाही. स्टोअरमध्ये तूट दिसली की मी आधी कुणाला बोलवत नसे, आधी कागद बघायचे. माझा मुलगा दहावीला तिच्याच क्लासला होता. त्याला बंगळुरूला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता.

"आई, दहावीच्या नोट्स? आत्ता?"

"तुला धरणाचा निबंध शिकवला होता का तिने? माझे वडील म्हणून?"

"नाही गं. आम्हाला आई होती. वडील नव्हते. का?"

"माळ्यावर आहेत का त्या नोट्स?"

"असतील. तू फेकल्या नसशील तर. तू सगळं फेकतेस."

फेकल्या नव्हत्या. शिडी लावून पुठ्ठ्याचं खोकं उतरवलं. निबंधांची फाइल जशीच्या तशी होती, दोऱ्यासकट. निबंध क्रमांक चार, पाच, सहा. पुढचं पान उलटलं तर आठ. मग नऊ, दहा, अकरा. सात नव्हता. दोऱ्याची छिद्रं सगळ्या पानांना सारखी होती, कुठे फाटल्याची खूण नव्हती. म्हणजे पान निघून गेलेलं नव्हतं, घातलेलंच नव्हतं.

मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. नोंदवहीत सहानंतर आठ आला, तर तो विसरभोळेपणा नसतो. विसरणारा माणूस आकडे पुढे सरकवून टाकतो. आकडा रिकामा ठेवणाऱ्याला ठाऊक असतं की तिथे काय होतं.

मंगळवारी दुपारी तीनला, तिची पहिली बॅच यायच्या आधी, मी तिच्या गाळ्यावर गेले. ती वह्या तपासत होती.

"ये ये. आज इकडे कुठे?"

"निबंध क्रमांक सात कुणाचा?"

"कुठला सात?"

"धरणाचा."

तिने पेनला टोपण लावलं. "अगं, तो फार जुना आहे."

"जुना आहे ते माहीत आहे. कुणाचा आहे?"

"चहा मागवू?"

"नको."

"हे बघ, नोट्स कुणाच्या नावाच्या नसतात. इकडून तिकडून जमवायचं, मुलांना सोपं करून द्यायचं. कुणाचं काय, ते माझ्यासुद्धा लक्षात राहत नाही. तुझं काही त्यात आलं असेल तर आलं असेल. शपथ सांगते, मला आठवतही नव्हतं."

मी पिशवीतून मुलाची फाइल काढून तिच्यासमोर ठेवली. सहावर एक बोट ठेवलं, आठवर दुसरं.

तिने फाइल उलटसुलट केली. वास्तविक काही बघायचं नव्हतं. "त्या वर्षी वेळ कमी होता," ती म्हणाली. "कमी निबंध घेतले."

"नऊ, दहा, अकरा आहेत."

बाहेर कुणीतरी स्कूटर लावत होतं. स्टँड घसरत होता, पुन्हा लावत होतं.

"तुझ्या मुलाने घरी नेऊन वाचलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे वाईट वाटण्यासारखं आहे, हे ठाऊक होतं तुला."

"तू काय करणार होतीस त्याचं? कपाटात ठेवणार होतीस. शेकडो मुलांनी लिहिलं ते. तुझे वडील शेकडो घरांत गेले. दुसरी असती तर खूश झाली असती."

"तू म्हणालीस घरगुती आहे. लोक हसतात."

"होतंच ते घरगुती. म्हणून तर मुलांना जमलं. आणि एक सांगते, रागावू नकोस. मी पाठवू नकोस म्हटलं होतं. लिहू नकोस म्हटलं नव्हतं. लिहायचं तू थांबवलंस."

हे ती म्हणाली ते खरं होतं. मला तिच्या सगळ्या बोलण्यातलं तेच सर्वांत जास्त लागलं, म्हणून मी कामाचं बोलले. स्पर्धेचं सांगितलं, बाईंचं सांगितलं. म्हणाले, "दोन ओळी लिहून दे. हा मजकूर मूळ माझा, तू माझ्या वहीतून घेतलास. खाली सही."

तिने वह्यांचा गठ्ठा सरळ केला. "परीक्षा होऊ देत. मार्च झाला की देते."

"मुदत शुक्रवारची आहे."

"अगं, पालकांचे ग्रुप असतात आता. ती बाई कुणाजवळ बोलली, कुणी स्क्रीनशॉट टाकला, की मॅमच्या नोट्स मॅमच्या नाहीत..."

"बाकीचे निबंध कुणाचे आहेत?" मी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा म्हणून नाही. आईचा निबंध कुणाचा, आजीचा कुणाचा, बंद पडलेल्या दुकानाचं मनोगत कुणाचं. इमारतीतल्या आणखी किती जणींनी तिला 'तुला कळेल' म्हणून वह्या दिल्या होत्या?

मुलं यायला लागली होती. "मॅम, आज टेस्ट आहे का?" ती त्यांच्याकडे वळून हसली, नेहमीसारखी, आणि मला म्हणाली, "संध्याकाळी येते वर. बोलू."

ती आली नाही. बुधवारीही नाही. चिठ्ठी नाही, सही नाही. गुरुवारी सकाळी जिन्यात भेटली तेव्हा तिच्या हातात फोन होता आणि ती त्यात बघत खाली गेली. रिंग वाजलेली नव्हती. बावीस वर्षांत मी तिला अनेकदा नको असलेल्या माणसांसाठी ही युक्ती करताना पाहिलं होतं.

त्याच सकाळी मी जुनी वही घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा बदलून पानं बघितली. निळी शाई कडेला तपकिरी झालेली. माझी खाडाखोड. एका पानावर सासूबाईंच्या औषधांची यादी. मुलाची फाइलही दाखवली, सहा आणि आठ. वरच्या मुलीच्या नोट्सचं पान त्यांनी बाजूला ठेवून ओळीला ओळ लावून बघितली. मास्तरीणच ती.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "मी आपली माफी मागते. हे आपलंच आहे."

"मग स्पर्धेत राहू दे?"

त्यांनी वही मिटली. "राहू दे म्हणाल तर राहील, तो आपला हक्क आहे. पण मी खोटं कशाला बोलू? मला हे आता वाचता येत नाही. पहिलं वाक्य वाचलं की दुसरं मला आधीच येतं. मार्कांसाठी लिहिल्यासारखं वाटतं. दुसरे दोन परीक्षकही शाळांतलेच आहेत, त्यांचंही तेच होणार." मग त्या म्हणाल्या, "वाईट झालं. चांगलं होतं कधीतरी."

होतं कधीतरी. म्हणजे माझी वही मला परत मिळाली होती, शिक्क्यासकट, आणि ती रिकामी होती.

"दुसरं काही आहे का आपल्याकडे?" बाईंनी विचारलं. "उद्या सहापर्यंत पेटी उघडी आहे."

"नाही," मी म्हणाले. "एकच वडील होते."

"एका माणसावर एकच निबंध असतो, असं थोडंच आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनाच ते शाळेतलं वाटलं असावं, कारण त्या उठून चहा ठेवायला गेल्या.

घरी येऊन मी वही पुन्हा वाचली. या वेळी तपासनीसासारखी. अकरा पानांत काय आहे ते नाही, काय नाही ते बघत. 'आमच्या घरात देवाच्या आधी पाण्याची पातळी सांगितली जायची' या वाक्यावर थांबले. हे वाक्य खरं होतं. पण मी अकरा वर्षांची होईपर्यंतच खरं होतं. त्यानंतर ती आमच्या घरात कुणी सांगितली नाही. हे मी सोळा वर्षांपूर्वी लिहिलं नव्हतं. मैत्रिणीने गाळलं नव्हतं, मीच गाळलं होतं.

त्या उन्हाळ्यात वडिलांना ताप होता. आई मामाकडे गेलेली. त्यांनी मला सकाळी उठवलं आणि म्हणाले, "जा, बघून ये. रेघ नीट बघ. घाई करू नकोस." भिंतीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर एक कुत्री व्यायली होती, ती दात दाखवायची. मी वळणापर्यंत गेले, कुत्री उठून उभी राहिली, मी परतले. थोडा वेळ चिंचेखाली घालवला. उन्हाळ्यात पाणी रोज साधारण सारखंच उतरतं, हे ऐकून ऐकून मला माहीत होतं. आदल्या दिवशीच्या आकड्यातून मी दोन इंच कमी केले आणि घरी येऊन सांगितलं. वडिलांनी उशीला टेकून तो वहीत लिहिला. म्हणाले, "शाबास."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि ते स्वतः गेले. मी अंदाजाने आकडा सांगितला त्याच्या आदल्याच रात्री कालव्याला पाणी सोडलेलं होतं. पातळी केव्हाच खाली गेलेली. मी सांगितलेला आकडा असणं शक्यच नव्हतं. ते परत आले, फोनपाशी गेले आणि ऑफिसला म्हणाले, "कालचं रीडिंग चुकलं साहेब. माझी चूक. अंगात ताप होता." पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. ते "हो साहेब, हो साहेब" करत उभे होते. मी दाराआड होते, तरी त्यांना दिसत होते.

मला ते काहीच बोलले नाहीत. विचारलंही नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून सकाळी घरात येऊन पातळी सांगणं बंद झालं. आईने एकदा विचारलं, "आज किती?" ते म्हणाले, "लिहिलंय." निवृत्त होईपर्यंत तेच. लिहिलंय.

आम्ही दोघांनी त्याचा विषय कधी काढला नाही. आणि ते गेल्यावर मी त्यांच्यावर अकरा पानं लिहिली, त्यात अंदाजाने दोन इंच कमी केले. पुन्हा.

गुरुवारी दुपारी बसले ती शुक्रवारी दुपारी उठले. मध्ये वरणभात केला, झोपले, पण ते सगळं लिहिण्याच्या मधे केलं. सुरुवात हातांच्या वासापासून केली नाही. कुत्रीपासून केली. कुठलंच वाक्य आपोआप आलं नाही, एकेक ओढून काढावं लागलं, आणि दोनदा मी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, कारण 'शाबास' लिहवेना. पहिल्या वेळेसारखं बरं मुळीच वाटत नव्हतं. तरी उठावंसंही वाटत नव्हतं. मला वाटतं, आवड म्हणतात ती हीच असावी. मी आधी ज्याला आवड समजत होते, तो हुरूप होता.

जुन्या वहीतच लिहिलं, बाराव्या पानापासून. शंभरातली एकोणनव्वद पानं सोळा वर्षं कोरी पडून होती. एवढा माल न वापरता ठेवल्याबद्दल स्टोअरमध्ये मी कुणालाही फैलावर घेतलं असतं.

कोऱ्या कागदांवर उतरवून साडेपाचला ते पेटीत टाकले. जुना लेख मागे घेतला, कारणाच्या जागी लिहिलं, 'अपुरा'. बक्षिसाचं मला माहीत नाही, निकाल अजून लागायचा आहे.

परत आले तर ओट्यावर तिची वाटी होती. स्टीलची, कडेला तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेली. आदल्या आठवड्यात तिने तिच्यातून खोबऱ्याची चटणी पाठवली होती, सोमवारच्या आधी. मी ती घासली, पुसली. सवयीने साखरेचा डबा उघडला. मग बंद केला.

खाली जाऊन बेल वाजवली. तिनेच दार उघडलं. वाटी हातात घेतली, आत बघितलं. तिच्या आईने जे शिकवलं होतं ते माझ्याही आईने शिकवलं होतं, तेव्हा समजावून सांगायची गरज पडली नाही.

"लिहिलंस का काही?" तिने विचारलं. दार धरून. क्षणभर मला खरंच वाटलं की तिला वाचायचं आहे. आणि तेवढ्या क्षणात मलाही तिला दाखवावंसं वाटलं, हेही लिहून ठेवते. तिच्याइतकं त्यातलं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

"लिहिलंय," मी म्हणाले आणि जिना चढले.